परवान्याचे पिस्तूल : किती भरावे, कसे बाळगावे?

स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाना मिळालेले नागरिक बहुधा रिव्हॉल्वर किंवा अर्धस्वयंचलित पिस्तूल यांपैकी एक शस्त्र घेतात. पिस्तूल हाती आल्यावर त्यांच्यापुढे पहिला व्यवहारी प्रश्न उभा राहतो तो असा, की रोज जवळ बाळगावयाच्या या शस्त्रात काडतुसे किती भरावीत? मॅगझिन काठोकाठ भरावे, की एक-दोन काडतुसे कमी ठेवावीत? एक काडतूस नळीत चढवून ठेवावे, की नळी मोकळी ठेवावी? विक्रेता एक सांगतो, मित्र दुसरे सांगतो, आणि चित्रपटांत पाहिलेले तिसरेच काही मनात घर करून बसलेले असते.

हा प्रश्न वरकरणी खासगी व तांत्रिक वाटतो. परंतु भरलेले पिस्तूल एकट्या मालकापुरते राहत नाही. ते त्याच्यासोबत एस. टी. च्या गाडीत बसते, सभागृहात जाते, लग्नमंडपात फिरते आणि रात्री त्याच्या मुलाबाळांच्या घरात मुक्कामाला असते. परवान्याच्या अर्जावर अहवाल देणारे अधिकारी, गावचे पोलीस पाटील, पंचायतीचे सदस्य आणि मुलांशी रोजचा संबंध असलेले शिक्षक यांनाही या विषयाची तोंडओळख असणे म्हणूनच अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात प्रथम शस्त्राची रचना, नंतर ते भरण्याच्या पद्धती व शेवटी त्याबाबतचा कायदा आणि जबाबदारी यांचा विचार केला आहे.

पिस्तुलाची रचना

अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतुसे दोन ठिकाणी असू शकतात. पहिले ठिकाण म्हणजे मॅगझिन. मुठीच्या पोकळीत खालून बसणारी ही पत्र्याची चपटी डबी असते. तिच्या तळाशी असलेली स्प्रिंग काडतुसांना सतत वर रेटीत असते. दुसरे ठिकाण म्हणजे चेंबर, अर्थात नळीच्या मागच्या टोकाचा, जेमतेम एक काडतूस मावेल एवढा भाग. गोळी सुटते ती फक्त चेंबरमधून. मॅगझिन हे कोठार होय, चेंबर ही चूल होय.

कोठारातून चुलीपर्यंत काडतूस नेण्याचे काम स्लाईड करते. पिस्तुलाच्या वरचा हा सरकता भाग हाताने मागे ओढून सोडला, की तो पुढे येताना मॅगझिनमधील सर्वांत वरचे काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. त्यानंतर चाप ओढला, की बार उडतो, त्याच्या धक्क्याने स्लाईड आपोआप मागे जाते, रिकामे टोपण बाहेर फेकले जाते आणि परत येताना दुसरे काडतूस चेंबरमध्ये बसते. पुढचा बार उडण्यास चाप पुन्हा ओढावा लागतो. शस्त्र भरण्याची क्रिया आपोआप होते, उडविण्याची होत नाही. या शस्त्रास अर्धस्वयंचलित म्हणतात ते यामुळेच.

या रचनेतून दोन निष्कर्ष निघतात. मॅगझिन पूर्ण भरलेले असले तरी चेंबर मोकळे असेल, तर चाप कितीही ओढला तरी बार उडणार नाही. उलट मॅगझिन काढून घेतले तरी चेंबरमध्ये काडतूस राहिले असेल, तर पिस्तूल पूर्णपणे भरलेलेच असते. काही पिस्तुलांत मॅगझिन काढताच चाप निकामी होण्याची योजना असते, पण ती सर्वच पिस्तुलांत नसते व तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते. ‘रिकाम्या’ पिस्तुलातून उडालेल्या बारांच्या ज्या कथा ऐकू येतात, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हा दुसरा निष्कर्ष ठाऊक नसणे हेच कारण असते.

मॅगझिन : पूर्ण की एक कमी?

मॅगझिन किती काडतुसांचे असावे हे पिस्तुलाच्या प्रकारानुसार ठरते. वॉल्थर पीपीके या ७.६५ मि.मी. च्या जुन्या खिशातील पिस्तुलात ७ काडतुसे मावतात, तर ब्राउनिंग हाय-पॉवर या १९३५ च्या ९ मि.मी. पिस्तुलात १३. हाय-पॉवरच्याच धर्तीवर बंगालमधील ईशापूर येथे तयार झालेले ९ मि.मी. पिस्तूल आपली सेना व पोलीस दले दीर्घकाळ वापरीत आली आहेत. सर्वसाधारण नागरिकाच्या परवान्यावर मात्र ९ मि.मी. बोअर मिळत नाही, त्याला प्रामुख्याने.३२ बोअरच्या शस्त्रावर समाधान मानावे लागते.

मॅगझिन पूर्ण भरू नये या सल्ल्यामागे एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्या ब्रिटिश स्टेनगनच्या मॅगझिनमध्ये ३२ काडतुसे मावत. परंतु ती पूर्ण भरली, की अडकण्याची तक्रार असल्यामुळे सैनिक त्यात दोन-चार काडतुसे कमी भरीत. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिक आपल्या रायफलीच्या २० काडतुसांच्या मॅगझिनमध्ये १८ च भरीत असत. हे अनुभव त्या त्या शस्त्रांचे होते. ते पुढे सर्वच शस्त्रांना लागू आहेत असा समज झाला, आणि त्याला जोड मिळाली ती ‘सतत दाबून ठेवल्याने स्प्रिंग मरते’ या कल्पनेची.

स्प्रिंगविषयीची ही कल्पना अर्धीच खरी आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या लवचीकतेच्या मर्यादेत दाबून ठेवली, तर केवळ त्यामुळे ती फारशी कमजोर होत नाही. ती झिजते ती मुख्यत्वे वारंवार दबण्या-सुटण्याने. घड्याळाला किल्ली देऊन ठेवण्यापेक्षा ती रोज पिळण्या-उलगडण्यानेच कमान थकते, तसाच हा प्रकार आहे. मात्र ज्या मॅगझिनमध्ये थोड्या जागेत जास्त काडतुसे बसविण्याचा प्रयत्न केलेला असतो, तेथे पूर्ण भरल्यावर स्प्रिंग मर्यादेपलीकडे दबू शकते आणि मग ती हळूहळू आखडते. अशा मॅगझिनच्या बाबतीत एक काडतूस कमी भरण्यास अर्थ आहे.

याहून महत्त्वाचे एक कारण आहे. स्लाईड पुढे असताना मॅगझिन आत बसविले, की वरचे काडतूस स्लाईडच्या तळाला टेकते. मॅगझिन आपल्या खाचेत नीट अडकण्यासाठी काडतुसांच्या थराला आणखी किंचित खाली दबण्यास वाव लागतो. मॅगझिन अगदी ठासून भरलेले असेल, तर हा वाव उरत नाही. ते बसल्यासारखे वाटते, पण अडकत नाही. आणि ऐन वेळी खाली घसरते किंवा पहिलेच काडतूस नीट पुढे सरकत नाही. म्हणून नियम सोपा आहे. शस्त्राच्या निर्मात्याने सांगितलेल्या संख्येपेक्षा एकही काडतूस जास्त भरण्याचा प्रयत्न करू नये. तेवढी भरल्यावर मॅगझिन सहज बसून ‘खट्’ असा आवाज करीत अडकत असेल, तर पूर्ण भरण्यास हरकत नाही. जोर लावावा लागत असेल, तर एक कमी करावे. ही पारख घरात बसून करावयाची नसते. ती चांदमारीच्या मैदानावर, प्रशिक्षकाच्या देखत, आपल्याच मॅगझिनने व आपल्याच काडतुसांनी करावी.

सात भरली काय आणि सहा भरली काय, सर्वसामान्य परवानाधारकाच्या सुरक्षिततेत त्यामुळे फारसा फरक पडत नाही. प्रश्नाचे खरे मर्म त्या सातव्या काडतुसात नसून चेंबरमधील पहिल्या काडतुसात आहे.

चेंबरमधील काडतूस

चेंबरमध्ये काडतूस चढवून बाळगलेले पिस्तूल तत्काळ उडू शकते. त्याच्या बाजूने सांगितले जाणारे कारण खरे आहे. अचानक हल्ला झाला असता स्लाईड ओढण्यास वेळ लागतो आणि दोन्ही हात मोकळे असावे लागतात. एका हाताने हल्लेखोराला अडवीत असताना किंवा लहान मुलाला कवटाळलेले असताना स्लाईड ओढता येत नाही. घाईत ती अर्धवट ओढली गेली, तर शस्त्र अडकते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चेंबर भरलेले असताना माणूस व अपघात यांच्यामध्ये फक्त चाप आणि पिस्तुलाची अंगभूत सुरक्षा-योजना एवढेच उरते. आधुनिक पिस्तुलांत चाप ओढल्याशिवाय टाचणी टोपीपर्यंत पोहोचू नये अशी अडकण असते; त्यामुळे पिस्तूल खाली पडले तरी सहसा बार उडत नाही. परंतु आपल्याकडे वाडवडिलांपासून चालत आलेली, ५०-६० वर्षांची जुनी शस्त्रेही परवान्यावर आहेत. त्यांतील पुष्कळांत अशी अडकण नसते आणि पिस्तूल नळीच्या तोंडावर आपटल्यास बार उडण्याची शक्यता असते. शिवाय चाप नेहमी बोटानेच ओढला जातो असे नाही. सदऱ्याचे टोक, म्यानाचा सैल पट्टा, पिशवीतील किल्ल्यांचा जुडगा यांनीही तो ओढला जाऊ शकतो.

रिव्हॉल्वरच्या बाबतीतही जुन्या जाणकारांनी हा धडा घेतला होता. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्वरला सहा घरे होती. पण घोड्याखालचे घर मोकळे ठेवून त्यात पाचच काडतुसे भरण्याचा प्रघात पडला, कारण घोड्यावर आघात झाला तर त्याखालचे काडतूस उडे. सहावे काडतूस मिळविण्यापेक्षा स्वतःचा पाय वाचविणे त्यांना अधिक शहाणपणाचे वाटले. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत एका सुपरिचित चित्रपट अभिनेत्याच्या पायाला त्याच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी लागली, ती राहत्या घरीच. समोर कोणी हल्लेखोर नव्हता. प्रवासाला निघण्यापूर्वीची घाई तेवढी होती.

अन्यत्र काय पद्धत आहे?

या बाबतीत जगात एकच रीत नाही. अमेरिकेत पोलीस आणि शस्त्र बाळगणारे नागरिक बहुतांशी चेंबर भरूनच पिस्तूल बाळगतात. चाप पूर्णपणे झाकणारे कडक म्यान, नियमित सराव आणि आधुनिक रचनेचे शस्त्र यांवर ती पद्धत उभी आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलाला तर बाहेरून लावण्याची वेगळी सेफ्टीच नाही. चाप झाकलेला राहणे आणि बोट चापापासून दूर असणे यांवरच तेथे सारा भर आहे.

इस्रायलमध्ये याच्या उलट पद्धत रूढ झाली. भरलेले मॅगझिन आत, चेंबर मोकळे, आणि पिस्तूल बाहेर काढतानाच स्लाईड ओढावयाची, अशी ती पद्धत होय. तिचा उगम त्या राष्ट्राच्या सुरुवातीच्या काळातील परिस्थितीत सांगितला जातो. तेव्हा हाती असलेली पिस्तुले अनेक देशांची, अनेक घडणींची होती; प्रत्येकाची सेफ्टी वेगळ्या जागी आणि वेगळ्या दिशेने चालणारी होती. सर्वांना एकच गोष्ट शिकविता येण्याजोगी होती, ती म्हणजे मोकळे चेंबर. रशियन बनावटीच्या तोकारेव्ह पिस्तुलाला स्वतंत्र सेफ्टी नसल्यामुळे तेही चेंबर मोकळे ठेवून बाळगणेच श्रेयस्कर मानले जाई.

या दोन पद्धतींतील निवड ही धैर्याची किंवा भित्रेपणाची निवड नव्हे. माणसाचे प्रशिक्षण किती, शस्त्र कोणते, आणि हल्ल्याची शक्यता अपघाताच्या शक्यतेच्या तुलनेत किती, या तीन गोष्टींचा तो हिशेब आहे. कामगिरीवरील पोलीस अधिकाऱ्याने आपल्या दलाच्या आदेशाप्रमाणे वागावे. त्याचा सराव व त्याची जोखीम वेगळी असते. परंतु ज्या परवानाधारकाने वर्षाकाठी एखाद्या वेळीच चांदमारी केली आहे, ज्याचे पिस्तूल बरेचसे दिवस कपाटात आणि काही तास कमरेला असते, ज्याच्या घरात मुले आहेत, त्याच्या बाबतीत हा हिशेब निःसंशय एकाच बाजूला झुकतो. त्याने मॅगझिन निर्मात्याच्या मर्यादेत भरावे आणि चेंबर मोकळे ठेवावे. स्लाईड ओढण्यास लागणारा तो क्षण ही त्या सुरक्षिततेची किंमत आहे, आणि ती किंमत देण्याजोगी आहे.

चेंबर मोकळे ठेवण्याचा आणखी एक फायदा अनुभवास येतो. जे लोक रोज सकाळी काडतूस चढवितात व रात्री उतरवितात, त्यांचे तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये आपटते. त्यामुळे पुढची गोळी हळूहळू टोपणात मागे दाबली जाते, आतील जागा कमी होते आणि बार उडताना दाब धोकादायक मर्यादेपर्यंत वाढू शकतो. असे काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभे केले, की त्याची लांबी कमी झालेली डोळ्यांनाही दिसते. ते पुन्हा वापरू नये.

रिकामे करण्याचा क्रम

पिस्तूल भरण्यापेक्षा ते रिकामे करताना चूक होण्याचा संभव अधिक असतो. त्यातील क्रम पाठ असला पाहिजे. पिस्तुलाचे तोंड प्रथम निर्धोक दिशेला, शक्यतो वाळूने भरलेल्या पेटीकडे किंवा मातीच्या जाड बांधाकडे करावे. बोट चापाबाहेर, चौकटीवर सरळ ठेवावे. त्यानंतर पहिल्याने मॅगझिन काढावे. मग स्लाईड पूर्ण मागे ओढावी. चेंबरमध्ये काडतूस असेल तर ते बाहेर पडेल. स्लाईड मागेच रोखून धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे आणि अंधार असेल तर करंगळीच्या टोकाने चाचपावे. मॅगझिनची खाच मोकळी आहे हेही पाहावे.

हा क्रम उलटा झाला, म्हणजे स्लाईड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढले, तर काय होते? चेंबरमधील काडतूस बाहेर पडते, पण स्लाईड पुढे येताना मॅगझिनमधील दुसरे काडतूस आत ढकलते. त्यानंतर मॅगझिन काढून घेतले, की माणूस समाधानाने म्हणतो, ‘पिस्तूल रिकामे आहे.’ प्रत्यक्षात ते भरलेले असते. एक काडतूस बाहेर पडलेले त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे त्याची खात्री अधिकच पक्की झालेली असते. म्हणून हातात आलेले प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे असे समजावे. दुसऱ्याने तपासून दिलेले असले तरी स्वतः पुन्हा तपासावे. पोलीस व सैन्यदलांत ‘जाँच शस्त्र’ हा हुकूम इतक्या वेळा दिला जातो तो केवळ कवायतीचा भाग म्हणून नव्हे.

निगा आणि पावसाळा

मॅगझिनमध्ये काडतुसे भरली, की काम संपले असे नाही. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत हवेतील ओल फार असते. चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ ठेवलेल्या पिस्तुलाला गंज चढतो आणि पितळी टोपणांवर हिरवट थर जमतो. असे काडतूस चेंबरमध्ये अडकू शकते. म्यान हे अंगावर बाळगण्यापुरतेच वापरावे, साठवणुकीसाठी नव्हे. मॅगझिन महिन्यातून एकदा रिकामे करून कोरड्या फडक्याने पुसावे. शस्त्राला तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, पण काडतुसांना तेल लागू देऊ नये. ते टोपीच्या कडेने आत झिरपल्यास दारू मंदावते व ऐन वेळी बार फुसका निघतो. मळलेली, चेपलेली किंवा जुनी झालेली काडतुसे आपल्या मनाने फेकून न देता नियमानुसार पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करण्याची व्यवस्था करावी.

काडतूस निवडतानाही दक्षता हवी. पिस्तुलाचे .३२ काडतूस आणि रिव्हॉल्वरचे .३२ काडतूस यांचे नाव सारखे असले तरी ती एक नव्हेत. नळीवर कोरलेला बोअर, परवान्यातील नोंद आणि काडतुसांच्या डबीवरील अक्षरे या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज एकही काडतूस मॅगझिनमध्ये जाऊ नये.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात शस्त्र बाळगणे हा हक्क नसून सशर्त परवानगी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा असून १९६२ चे जुने नियम जाऊन त्यांच्या जागी शस्त्र नियम, २०१६ आले आहेत. त्यांनुसार परवाना मागणाऱ्यास शस्त्र व दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याचे, बाळगण्याचे आणि साठविण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अंगावरील म्यानात किंवा तत्सम साधनात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात राहील असेच नेले पाहिजे. ते मिरविण्यास किंवा उडविण्यास मनाई आहे. मोटारीच्या कप्प्यात टाकून दिलेले किंवा सदऱ्यावरून मुद्दाम दिसेल असे खोचलेले पिस्तूल हे या नियमाचे उल्लंघन होय. परवान्यात नमूद केल्यापेक्षा जास्त काडतुसे जवळ ठेवणे हाही शर्तभंगच आहे, मग ती मॅगझिनमध्ये असोत वा डबीत.

२०१९ च्या दुरुस्तीने कायदा अधिक कडक झाला. एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. आनंदोत्सवात किंवा बेदरकारपणे गोळीबार करून मानवी जीवित धोक्यात आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वर उडविलेली गोळी कोठेतरी खाली येतेच, आणि ती कोणाच्या अंगणात येईल हे उडविणाऱ्याला माहीत नसते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने खासगी संरक्षणाचा हक्क मान्य केला आहे. परंतु संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा तो हक्क देत नाही. मॅगझिनमध्ये किती काडतुसे होती यापेक्षा पहिली गोळी झाडणे अपरिहार्य होते काय, हा प्रश्न न्यायालयात विचारला जातो. हलगर्जीपणाने कोणाचा मृत्यू घडल्यास, तो शस्त्र साफ करताना घडला किंवा खाली पडल्याने घडला, या सबबीने जबाबदारी टळत नाही. त्या अपराधास पाच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे.

घराची आणि गावाची जबाबदारी

बाहेरून घरी आल्यावर पिस्तूल रिकामे करणे हे पायताण बाहेर काढून ठेवण्याइतके नित्याचे झाले पाहिजे. शस्त्र एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत; किल्ली मालकाजवळच असावी. उशीखाली, गादीखाली किंवा देव्हाऱ्यामागे ठेवलेले पिस्तूल मुलांपासून लपलेले आहे असा समज बाळगू नये. घरातील कोणती वस्तू कोठे आहे हे मोठ्यांपेक्षा मुलांनाच अधिक ठाऊक असते. चेंबर मोकळे असेल तर लहानग्याच्या हातांना स्लाईड ओढणे सहसा जमत नाही; एवढ्यापुरते मोकळे चेंबर हे त्याचेही रक्षण करते. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते जमू शकते. यास्तव कुलपाला पर्याय नाही.

शिक्षकांना येथे मोलाचे काम करता येईल. मुलांना शस्त्राची भीती घालण्याची किंवा त्याचे आकर्षण वाढविण्याची गरज नाही. पिस्तूल, बंदूक किंवा काडतूस दिसले तर हात लावू नये, तेथून दूर व्हावे आणि लगेच मोठ्या माणसाला सांगावे, एवढ्या तीन गोष्टी परिपाठाच्या वेळी अधूनमधून सांगितल्या तरी पुरे. शेताच्या बांधावर किंवा ओढ्यात सापडलेले जुने काडतूस खेळणे म्हणून घरी आणणारी मुले असतात, हे ध्यानात घ्यावे.

पंचायत सदस्यांनी व पोलीस पाटलांनी लग्नाच्या वराती, विजयाच्या मिरवणुका आणि जत्रा यांत शस्त्र काढले जाणार नाही याची आगाऊ समज द्यावी. बार उडून गेल्यावर केलेल्या निषेधापेक्षा मंडप उभारण्यापूर्वी यजमानाशी बोललेला एक शब्द अधिक उपयोगी पडतो. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्रे जमा करण्याचा आदेश निघाला, तर तो आपल्या अप्रतिष्ठेचा विषय नसून गावाच्या शांततेचा विषय आहे, हे परवानाधारकांना समजावून सांगावे. जमा करण्यास नेतानाही शस्त्र रिकामे असावे, आणि ठाण्यात पोहोचल्यावर त्याचे चेंबर दोघांच्या डोळ्यांसमोर तपासले जावे.

परवान्याच्या नूतनीकरणाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी कागदपत्रांबरोबर दोन साधे प्रश्न विचारावेत : शस्त्र घरी कोठे ठेवता, आणि ते रिकामे कसे करता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना अर्जदाराने ‘आधी मॅगझिन काढतो’ असे न अडखळता सांगितले, तर त्याचे प्रशिक्षण कागदापुरते झालेले नाही असे समजण्यास जागा आहे. तो अडखळला, तर त्याला पुन्हा प्रशिक्षणाकडे पाठविणे हे त्याच्या व त्याच्या शेजाऱ्यांच्याही हिताचे होईल.

थोडक्यात सांगावयाचे, तर मॅगझिन निर्मात्याने सांगितले तेवढे भरावे, ते सहज बसत नसेल तर एक काडतूस कमी करावे; चेंबर मोकळे ठेवावे; पिस्तूल म्यानात, अंगावर व झाकलेले असावे; आणि घरी येताच ते ठरलेल्या क्रमाने रिकामे करून कुलपात ठेवावे. परवाना माणसाला संकटाच्या प्रसंगासाठी दिलेला असतो. असा प्रसंग बहुतेक परवानाधारकांच्या आयुष्यात कधी येत नाही. पिस्तूल भरण्याचा आणि रिकामे करण्याचा प्रसंग मात्र रोज येतो. घरच्या माणसांची सुरक्षितता त्या रोजच्या प्रसंगातील शिस्तीवरच अवलंबून असते.